आयसीयूबाहेर बसायची वेळ आली तर

मी मिरजेत आयसीयूची सिस्टर होते. मिरज हे दवाखान्यांचं गाव. सांगली-कोल्हापूर तर झालंच, पण जत, पंढरपूर, पलीकडे अथणी-चिकोडीपासून पेशंट इथे येतात आणि त्यांच्यामागे चटया, पाण्याचे कॅन, फडक्यात बांधलेल्या भाकऱ्या घेऊन नातेवाईक येतात. नोकरी संपली तरी फोन थांबले नाहीत. रात्री साडेअकराला कुणीतरी विचारतं, "सिस्टर, डॉक्टर म्हणतायत व्हेंटिलेटरवर टाकायला लागंल. सही मागतायत. काय करू ओ?" त्या घटकेला फोनवर सांगण्यासारखं फार थोडं उरलेलं असतं. जे सांगायचं ते चार वर्षं आधी, घरातले सगळे धडधाकट असताना सांगायला हवं. म्हणून हे लिहायला घेतलं. औषधांचे डोस डॉक्टरांनी सांगावेत, कायद्याचा कीस वकिलांनी पाडावा. पलंगाच्या उशाशी उभं राहून जे दिसलं त्यावरून घरच्यांनी काय करावं, एवढंच मी सांगते.

सही तुमची, मत पेशंटचं

आधी हे डोक्यात पक्कं बसवा. आयसीयूत कागदावर सही तुमची असते, पण तुम्ही तिथे स्वतःचं मत द्यायला बसलेले नसता. पेशंट बोलू शकत नाही, म्हणून त्याचा निरोप तुम्ही पोचवायचा असतो. डॉक्टर घाईत विचारतात, "मग तुम्हाला काय वाटतं, काय करायचं?" आणि थोरला मुलगा तिथेच खचतो. कारण "मला वाटतं थांबावं" हे वाक्य त्याच्या कानाला "मी बापाला मारलं" असं ऐकू येतं. हा प्रश्न तुम्ही स्वतःच बदलून घ्या: "अण्णांना आत्ता सगळं समजत असतं, तर ते काय म्हणाले असते?" बाहेर खुर्च्यांवर तावातावाने भांडणारे भाऊ या प्रश्नाला बहुतेक वेळा एकच उत्तर देतात. भांडण अण्णांच्या मताचं नसतंच, दोष कुणाच्या डोक्यावर येणार याचं असतं.

आणि पेशंट शुद्धीवर असेल, त्याला कळत असेल, तर हा सगळा खटाटोप बाजूला ठेवून त्यालाच विचारा. सज्ञान, शहाण्या माणसाला उपचार नाकारायचा हक्क आहे. तो "डायलिसिस नको" म्हणाला की नको. त्याला मागे सारून मुलाची सही घेतात, हे मी इतक्यांदा पाहिलंय की त्यात कुणाला काही वावगं वाटत नाही, याचंच नवल वाटतं.

आधी बोलून ठेवायचं ते कसं

"आई, तुझ्या शेवटाबद्दल बोलूया का," असं कुणी कधी बोललेलं मी पाहिलं नाही. आणि तसं बोलूही नये. विषय आपोआप निघतो तेव्हा तो धरायचा. नात्यातल्या कुणाला बघून दवाखान्यातून परत येताना, गाडीत. कुणाच्या दहाव्याहून आल्यावर, हातपाय धुऊन चहा घेताना. "नानांना शेवटी महिनाभर नळ्या लावून ठेवलं, तुला कसं वाटलं गं ते?" एवढं विचारायचं आणि गप्प बसायचं. म्हातारी माणसं या विषयाला घाबरत नाहीत. घाबरतात ती पोरं. "असलं अभद्र बोलू नको" हे वाक्य सत्तरीच्या आईच्या तोंडून मी क्वचित ऐकलं, पन्नाशीच्या मुलाच्या तोंडून कायम.

"मला त्रास नको" या उत्तरावर समाधान मानू नका, त्याने आयसीयूत काही ठरत नाही. माझ्या सासूबाई शेंगा फोडत बसल्या होत्या तेव्हा मी हा विषय काढला. त्या म्हणाल्या, "नळ्याबिळ्या मला नकोत." मी विचारलं, म्हणजे न्यूमोनिया झाला, दोन दिवस मशीन लावलं आणि बऱ्या होऊन घरी येणार असाल तरी नको? त्यांनी हातातली शेंग खाली ठेवली. "तसं कशाला? दोन-चार दिवसांत उठणार असंन तर न्या की. लगीच मारू नका मला. पण तुम्हाला वळखत नाही, अंथरुणातच सगळं, असं व्हायला लागलं तर घरी आणा आणि माझ्या खोलीत ठेवा." या चार वाक्यांत डॉक्टरला हवं ते जवळजवळ सगळं आलं. तुम्हीही असंच खोदून विचारा. माणसं ओळखता येणार नसतील तर? अंथरुणाला कायमचं खिळायचं असेल तर? तोंडाने खाता आलं नाही तर नाकातून नळी चालेल का? शेवट घरी की दवाखान्यात? आणि तुझ्या वतीने बोलायचं कुणी? या शेवटच्या प्रश्नाला हमखास "माझा थोरला" असं उत्तर येतं. थोडं थांबलं की दुसरं येतं आणि बहुधा तेच खरं असतं.

कागदावर उतरवायचं तर

याला लिव्हिंग विल म्हणतात. आपल्याकडे ते आलं त्यामागे आमच्याच पेशातल्या एका मुलीची कहाणी आहे. अरुणा शानबाग, मुंबईच्या केईएम रुग्णालयातली परिचारिका. 1973 साली तिथल्याच सफाई कामगाराने तिच्यावर हल्ला केला, मेंदूला इजा झाली, आणि 18 मे 2015 ला न्यूमोनियाने जाईपर्यंत ती त्याच रुग्णालयात पडून होती. तिचं अन्न थांबवावं, असा अर्ज पत्रकार-लेखिका पिंकी विराणी यांनी केला होता. 2011 साली सर्वोच्च न्यायालयाने तो फेटाळला, कारण केईएमच्या सिस्टरांना तिला सांभाळायचं होतं. पण त्याच निकालात, उच्च न्यायालयाच्या परवानगीने का होईना, जीव टिकवणारे उपचार थांबवायची वाट पहिल्यांदा उघडली. 42 वर्षं अंथरुणावर असलेल्या बाईला त्या सिस्टरांनी बेडसोर, म्हणजे पडून राहून होणारी जखम, होऊ दिला नाही. ज्याने एका रात्रीत माकडहाडावर लाल चट्टा उमटताना पाहिलाय, त्यालाच याचा अर्थ कळेल. तिला जाऊ द्यावं म्हणणारे मला कळतात, आणि तिची कूस बदलणारे हातही कळतात. तिने आधी काही सांगून ठेवलेलं नव्हतं, त्यामुळे बाकीच्यांना तिच्या वतीने वाद घालावा लागला. पंचविशीची मुलगी असलं काय सांगून ठेवणार म्हणा.

पुढे 9 मार्च 2018 ला कॉमन कॉज या संस्थेच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने सन्मानाने मरण्याचा हक्क मान्य केला आणि लिव्हिंग विलला कायदेशीर आधार दिला. पण पद्धत इतकी किचकट होती की कागदावर न्यायदंडाधिकाऱ्यांची सही लागायची. 24 जानेवारी 2023 ला न्यायालयाने ती सोपी केली. आता करायचं ते असं.

ठरावीक छापील फॉर्म नाही. साध्या मराठीत लिहा. दोन साक्षीदारांसमोर सही करा, शक्यतो वारसाहक्काशी संबंध नसलेले घ्या. शेजारी चालतील, निवृत्त मास्तर चालतील. मग नोटरी किंवा राजपत्रित अधिकाऱ्यापुढे साक्षांकित करून घ्या. तुमच्या वतीने बोलणाऱ्यांची नावं त्यात हवीतच. एकापेक्षा जास्त देता येतात, आणि द्यावीत. मजकुराचा नमुना:

"मी, अमुक, वय इतकं, राहणार अमुक, पूर्ण शुद्धीत आणि कुणाच्याही दबावाशिवाय लिहून ठेवते की, माझा आजार बरा होण्याची आशा उरली नसेल आणि मला स्वतःचा निर्णय सांगता येत नसेल, तर मला व्हेंटिलेटर लावू नये, लावला असल्यास काढावा. हृदय बंद पडल्यास छाती दाबून ते सुरू करण्याचा प्रयत्न करू नये. डायलिसिस करू नये. नळीने अन्न देऊ नये. वेदना, धाप आणि तगमग कमी करणारं औषध जरूर द्यावं, त्याने गुंगी आली तरी चालेल. याबाबत माझ्या वतीने माझी मुलगी अमुक व भाचा अमुक यांनी संमती द्यावी. याचा परिणाम काय होईल हे मला समजलं आहे, आणि हे मी कधीही लेखी रद्द करू शकते."

यात जमीन, दागिने, घर काही घालू नका. त्याचं मृत्युपत्र वेगळं.

एक प्रत फॅमिली डॉक्टरांना द्या. एक महापालिका, नगरपालिका किंवा ग्रामपंचायतीच्या सक्षम अधिकाऱ्याकडे; त्यांनी ती सांभाळायला माणूस नेमायचा असतो. महाराष्ट्रात हे काम मुंबईचे डॉ. निखिल दातार यांनी उच्च न्यायालयात याचिका केल्यावर हललं. गोव्यात 2024 साली उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती एम. एस. सोनक यांनी स्वतःचंच लिव्हिंग विल नोंदवून सुरुवात करून दिली. तरी तुमच्या पालिकेतला खिडकीवरचा माणूस "हे काय असतं" असं विचारण्याची शक्यता आहेच. चिडू नका. आरोग्य अधिकाऱ्यांच्या नावाने अर्ज करा, आवक शिक्का मारून पोच घ्या, आणि पाठपुरावा करत राहा. मूळ कागद बँकेच्या लॉकरमध्ये ठेवू नका. लॉकर सोमवारी साडेदहाला उघडतो आणि माणूस शनिवारी रात्री पडतो. मेडिक्लेमच्या फायलीत ठेवा आणि फोटो घरातल्या चार मोबाइलमध्ये.

मरणाचं इंजेक्शन मात्र यात बसत नाही. आपल्या देशात ते बेकायदाच आहे. मुंबईच्या नारायण आणि इरावती लवाटे या वृद्ध दांपत्याने हिंडतेफिरते असताना राष्ट्रपतींना पत्र लिहून मरणाची परवानगी मागितली होती. ती मागणी आणि हा कागद या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. इथे आजाराला त्याच्या वाटेने जाऊ द्यायचं आहे, इतकंच.

आयसीयूत काय विचारायचं

घरातला एकच माणूस डॉक्टरांशी बोलेल असं ठरवा. पाच जणांनी पाच वेळा आरएमओला, म्हणजे ड्युटीवरच्या डॉक्टरला गाठलं की पाच उत्तरं मिळतात आणि संध्याकाळी त्यावरून भांडण होतं. जो बोलेल त्याने वही ठेवावी, तारीख-वेळ घालून लिहावं. आणि बोलायचं ते मोठ्या डॉक्टरांशी, राउंड झाल्यावर, बसून. दहा मिनिटं मागून घ्या. बहुतेक डॉक्टर देतात, फक्त कुणी मागत नाही.

"सिरीयस आहे", "प्रयत्न चालू आहेत", "रिस्पॉन्स बघूया" या वाक्यांवर उठून येऊ नका. विचारा: मूळ आजार कोणता, आणि तो बरा होण्यासारखा आहे का? सगळं मनासारखं झालं तर पेशंट कोणत्या अवस्थेत घरी जाईल: चालत, व्हीलचेअरवर, की अंथरुणावर? तुम्ही लावताय ते मशीन कशासाठी, किती दिवसांसाठी? तुमच्या स्वतःच्या वडिलांचं असं झालं असतं तर काय केलं असतं, हाही प्रश्न लोक विचारतात. विचारायला हरकत नाही, पण डॉक्टरांचे वडील वेगळे आणि तुमचे वेगळे.

माझ्या मते सगळ्यात उपयोगाची गोष्ट म्हणजे मुदत. "करा" आणि "नको" यांच्या मधली ही वाट फार थोड्या घरांना माहीत असते. डॉक्टरांना म्हणायचं, "चार दिवस सगळं करा. चार दिवसांनी काय सुधारलं तर पुढे जायचं आणि काय नाही सुधारलं तर थांबायचं, ते आजच सांगा." मग ते सांगतात: लघवी सुरू झाली पाहिजे, बीपीचं औषध कमी व्हायला हवं, हाक मारल्यावर डोळे उघडले पाहिजेत. वहीत लिहून ठेवा. चौथ्या दिवशी त्याच वहीवरून बोला. मुदत ठरलेली नसेल तर आयसीयूत रोज आदल्या दिवसासारखंच चालू राहतं. कुणीच ठरवत नाही, आणि ठरवलं नाही हाही एक निर्णयच होऊन बसतो.

कशाला काय म्हणतात तेही समजून घ्या. व्हेंटिलेटर ही कुबडी आहे. मोडलेला पाय जुळणार असेल तोवर तिचा उपयोग. एक-दोन आठवडे झाले की "ट्रॅकिओ करायला लागेल" म्हणतात, म्हणजे गळ्याला छिद्र पाडून नळी. तो क्षण पुन्हा बसून बोलायचा आहे, कारण त्यानंतरची वाट लांबची असते. बीपीची जबर औषधं फार दिवस चालली की कधीकधी बोटांची टोकं काळी पडतात. नातेवाइकांना हे कुणी आधी सांगत नाही आणि पाय उघडा पडला की ते घाबरतात. आणि छाती दाबणं. सिनेमात दोनदा दाबलं की माणूस डोळे उघडतो. ऐंशीच्या आजीच्या बरगड्या हाताखाली कडकन मोडतात, तो आवाज आणि हाताला लागणारं ते सैलपण मला आजही आठवतं. जिथे आजारच संपवायला निघालाय तिथे हे नको म्हणणं यात निर्दयपणा काही नाही. आयसीएमआरने 2020 साली यासाठी मार्गदर्शक सूचना काढल्या आहेत. "डीएनएआर लिहा", म्हणजे हृदय बंद पडलं तर छाती दाबू नका असं नोंदवा, असं तुम्ही डॉक्टरांना सांगू शकता. ते लिहिलं म्हणजे बाकीची शुश्रूषा बंद होत नाही. सलाईन, साफसफाई, वेदनेचं औषध चालूच राहतं. ते चालू आहे ना, याकडे लक्ष मात्र ठेवा.

थांबायचं ठरलं तर

लावलेलं मशीन काढणं आणि मुळात न लावणं, यात नीतीने बघितलं तर फरक नाही असं शिकवतात. मनाला मात्र फरक पडतो, तो मी नाकारणार नाही. म्हणून "आधी लावू, मग बघू" म्हणताना काढायची तयारी आहे का, हेही त्याच वेळी स्वतःला विचारा.

कायद्याने पद्धत अशी आहे. उपचार करणारे डॉक्टर आणि किमान पाच वर्षं अनुभव असलेले दोन तज्ज्ञ यांचं एक मंडळ पेशंटला तपासतं. त्यांचं मत थांबावं असं झालं की दुसरं मंडळ बसतं. त्यात जिल्ह्याच्या मुख्य वैद्यकीय अधिकाऱ्यांनी नेमलेला एक डॉक्टर आणि पहिल्या मंडळात नसलेले दोन तज्ज्ञ. दोन्ही मंडळांनी शक्यतो 48 तासांत सांगायचं. नावं दिलेल्या नातेवाइकांची संमती लागते. अमलात आणण्याआधी रुग्णालयाने न्यायदंडाधिकाऱ्यांना कळवायचं. मंडळांचं पटलं नाही तर उच्च न्यायालय आहे. लिव्हिंग विल नसेल तरी जवळच्या नातेवाइकांच्या संमतीने याच वाटेने जाता येतं. हा घोळ कशासाठी, असं वाटेल. आईच्या नावावरच्या प्लॉटकडे डोळे लावून बसलेले भाचेही मी पाहिलेत. त्यांच्यासाठी हा घोळ ठीक आहे.

अडचण अशी की कित्येक ठिकाणी मंडळ कधी बसलेलंच नसतं. तिथे तुमच्यापुढे दुसरा कागद सरकवला जातो: डामा, म्हणजे डॉक्टरांच्या सल्ल्याविरुद्ध डिस्चार्ज. आपल्याकडची बरीच माणसं अशीच घरी जातात. काय होतं ते सांगते. रुग्णवाहिकेत कुणीतरी अंबू बॅग, म्हणजे हाताने श्वास द्यायची पिशवी, दाबत असतं, दारात पोचल्यावर नळी काढतात, आणि पेशंट धापा टाकत राहतो. तास, कधी दोन तास. घरात मॉर्फिनची एक गोळी नाही, येणारा डॉक्टर नाही. थांबवायला माझा विरोध नाही. असं वाऱ्यावर सोडण्याला आहे. डामावर सही करायचीच वेळ आली तर आधी पॅलिएटिव्ह केअरचे, म्हणजे वेदना आणि त्रास कमी करणारे डॉक्टर आहेत का विचारा. नसतील तर धाप आणि तगमगीची औषधं लिहून मागा, ती घरी कशी द्यायची हे सिस्टरकडून करून बघा, लघवीची नळी ठेवून मागा, ऑक्सिजनचं भाड्याचं मशीन आधी घरी पोचलेलं असू द्या. आणि गावातल्या डॉक्टरांना निघण्याआधी फोन करून सांगा. घरी मृत्यू झाला तर कारणाचा दाखला त्यांनाच द्यावा लागतो. आजाराची काहीच माहिती नसलेला डॉक्टर पहाटे चारला दाखला देईलच असं नाही, मग नको तो मनस्ताप होतो.

नीट केलं तर काय दिसतं? आधी औषध देऊन पेशंटला शांत केलेलं असतं. मॉनिटरचा आवाज बंद केलेला असतो. माणसं पलंगाजवळ असतात, पडद्याबाहेर नाही. मग नळी निघते. काहींचा श्वास काही मिनिटांत थांबतो, काहींचा दोन-दोन दिवस चालतो. हे दुसरं कुणी आधी सांगत नाही, म्हणून मी सांगते. चालला म्हणजे आपलं चुकलं, असं त्याचं धरू नका.

घरातली भांडणं

परदेशातला मुलगा हा आमच्या वॉर्डातला ठरलेला प्रसंग. इथल्या बहिणीने सहा महिने पातळ भात भरवलेला असतो, आणि न्यू जर्सीहून फोन येतो, "काहीही करा, पैशाची काळजी करू नका, मी येतोय." तो वाईट नसतो. लांब असल्याची बोच त्याच्या तोंडून हे बोलवते. त्याला बहिणीने समजावू नये. डॉक्टरांशी व्हिडिओ कॉल लावून द्यावा आणि पेशंटचा चेहरा दाखवावा. तो पोचेपर्यंत मशीन चालू ठेवायचं ठरलं तर तसं उघड बोला: हे दोन दिवस भेटीसाठी आहेत, उपचारासाठी नाहीत. नाहीतर तो येतो, नवे डॉक्टर गाठतो, आणि दोनाचे वीस होतात.

पैशांचं बोलणं आपल्याकडे पाप समजतात. एकरभर ऊस विकून, पीएफ काढून, सोनं मोडून माणसं आयसीयूचं बिल भरतात आणि तोंडातून ब्र काढत नाहीत. मी सरळ सांगते, विचारा. "या पैशांत काय मिळणार आहे?" हा प्रश्न स्वार्थी नाही. डॉक्टर म्हणाले, आठ दिवसांत बरे होऊन जातील, तर जमीन विका. म्हणाले, काही सांगता येत नाही, तर तो बांध ज्याने घातला त्याला हे आवडलं असतं का, तेवढं बघा.

आणि "त्यांना सांगू नका" हा प्रकार. कॅन्सरचा रिपोर्ट आला की मुलगा आधी येऊन सिस्टरला गाठतो. मी त्याला एकच सांगायचे: आधी वडिलांना विचारा, तुम्हाला किती जाणून घ्यायचंय. काही म्हणतात, "मुलाशी बोला, मला नको." तोही त्यांचा हक्क. पण पुष्कळांना कधीच कळलेलं असतं. जतचे एक आजोबा सलाईन बदलताना मला हळूच म्हणाले, "पोरास्नी सांगू नका मला कळलंय म्हणून. ती घाबरत्यात." बाहेर पोरं हेच उलटीकडून सांगत उभी होती. त्यात ज्या गोष्टी बोलायच्या असतात, कुणाचं देणं, कुणाची माफी, धाकटीचं लग्न, त्या तशाच राहतात.

पापपुण्याचं म्हणाल तर परंपरेने आपल्याला इतकं घाबरवलेलं नाही. विनोबांनी 1982 च्या नोव्हेंबरात पवनारला औषध आणि अन्न दोन्ही नाकारलं. सावरकरांनी 1966 मध्ये प्रायोपवेशन केलं, म्हणजे अन्नपाणी सोडून देह ठेवला. आमच्या सांगली-कोल्हापूरकडच्या जैन घरांत सल्लेखना, म्हणजे हळूहळू अन्नपाणी सोडून मरण स्वीकारणं, हा शब्द काढला की आजीसुद्धा समजते. तीवरही वाद आहेतच. 2015 साली राजस्थान उच्च न्यायालयाने ती बेकायदा ठरवली आणि सर्वोच्च न्यायालयाने त्या निकालाला स्थगिती दिली. सगळ्यांनी तसं करावं असं मी म्हणत नाही. "आपल्या धर्मात हे बसत नाही" असं काकांनी ठासून सांगितलं तर घाईने मान डोलवू नका, एवढंच.

घरी आणल्यावर

मॉर्फिनला घाबरू नका. "त्याची सवय लागेल", "त्याने लवकर जातील" हे दोन्ही मी डॉक्टरांच्या तोंडूनसुद्धा ऐकलंय. कॅन्सरच्या वेदनेला तज्ज्ञाने बेताने वाढवत नेलेली मॉर्फिनची गोळी माणसाला झोपू देते, नातवाशी दोन शब्द बोलू देते. बद्धकोष्ठता हमखास होते, म्हणून जुलाबाचं औषध पहिल्या दिवसापासून सोबत हवं. 2014 साली अमली पदार्थांच्या कायद्यात बदल होऊन ती मिळणं थोडं सोपं झालं, तरी प्रत्येक मेडिकलमध्ये मिळत नाही. मुंबईत टाटा मेमोरियल, पुण्यात वारज्याचं सिप्ला पॅलिएटिव्ह केअर केंद्र, वांद्र्याचं 1986 पासूनचं शांती आवेदना सदन, अशा ठिकाणी यातली जाणती माणसं आहेत. जवळच्या कॅन्सर रुग्णालयात विचारा, तिथे बहुधा वाट सापडते.

बायकांना सगळ्यात जास्त छळतो तो एकच प्रश्न: खात नाहीत. उपाशी कसं ठेवायचं? शेवटच्या दिवसांत शरीर अन्न मागत नाही. खात नाही म्हणून माणूस जात नाही, जाणार असतो म्हणून खाणं सुटतं. जबरदस्तीने चमचा घातला की घास श्वासनलिकेत जातो आणि न्यूमोनिया होतो. हातांना काहीतरी करायचं असेल, आणि ते असतंच, तर तोंड सांभाळा. स्वच्छ मऊ फडकं बोटाला गुंडाळून कोमट पाण्यात बुडवा, पिळा, आणि हिरड्यांवरून, गालाच्या आतून, जिभेवरून अलगद फिरवा. दर दोन-तीन तासांनी. ओठांना साजूक तूप. कूस बदला, उशी पाठीमागे तिरकी लावा, टाचा गादीला घासू देऊ नका. घशात घरघर सुरू झाली की पेशंटला कुशीवर करा. तो आवाज आपल्याला जितका भयंकर वाटतो तितका त्याला बहुधा जाणवत नसतो. गंगाजळ-तुळस घाला, पण ओठ ओले होतील इतकीच. फुलपात्रभर ओतायला बघणाऱ्या आत्याबाईंचा हात धरा.

नेत्रदान करायचं असेल तर सहा तासांच्या आत. पंखा बंद करा, पापण्या मिटवून त्यावर ओला कापूस ठेवा, नेत्रपेढीचा नंबर आधीच भिंतीवर लावून ठेवा. देहदानाचा फॉर्म भरलेला असेल तर वैद्यकीय महाविद्यालय डॉक्टरांचा दाखला मागतं, तोही हाताशी हवा.

लिव्हिंग विल एकदा केलं की संपलं, असं नाही. दोन-तीन वर्षांनी काढून वाचा. लेखी रद्द करून नवं करता येतं. सासूबाईंनी तसं केलं. पहिल्या कागदावर त्यांनी माझ्या नवऱ्याचं नाव घातलं होतं. भाऊजींच्या आजारपणात तो कॉरिडॉरमध्ये कसा रडत बसला ते बघून आल्या आणि म्हणाल्या, "ह्याचं नाव काढ. ह्याला सही करायला हात उचलायचा नाही. शालनचं घाल." शालन म्हणजे माझी नणंद, मार्केट यार्डात भल्याभल्यांशी हिशेबाला भिडते. नवा मजकूर लिहिला, दोन साक्षीदार पुन्हा बोलावले, नोटरी पुन्हा गाठला. फॅमिली डॉक्टरांकडची प्रत बदलली, पालिकेत रद्द केल्याचा अर्ज आणि नवी प्रत देऊन शिक्का घेतला, आणि चारही मोबाइलमधला जुना फोटो काढून टाकायला लावला.